मामा, भाची आणि मंथरा

१८ ऑगस्ट २०२५ रोजी ठाण्यात अच्युत पोतदार गेले. एक्क्याण्णवाव्या वाढदिवसाला चार दिवस कमी होते. नावावर सव्वाशेच्या आसपास सिनेमे, शिवाय मालिका, आणि वाहिन्यांनी दिवसभर दाखवलं ते 'थ्री इडियट्स'मधल्या वैतागलेल्या प्राध्यापकाचं एकच वाक्य. धाराशिव जिल्ह्यातल्या लोहाऱ्यात ओसरीवर टीव्हीसमोर बसलेल्या मामांना त्याचा राग आला. एवढ्या मोठ्या आयुष्याची बोळवण एका वाक्यावर? पोळ्याला गावी आलेली भाची शेजारीच शेंगा फोडत बसली होती. तिचं म्हणणं उलटं.

"एक वाक्य तरी राहिलं की मामा. बाकीच्यांचं तेवढंबी राहत न्हाई."

तिथून जो वाद सुरू झाला तो पोळा होऊन गेला तरी मिटला नाही.

मामा निवृत्त तलाठी. (त्या पदाला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं असतं, मामा स्वतः म्हणत नाहीत.) मराठी सिनेमात तलाठी म्हणजे पाटलाच्या मागं दप्तर धरून चष्म्यावरून बघणारा माणूस. त्याला नाव नसतं, नुसतं 'भाऊसाहेब' म्हटलं की काम भागतं. मामा हे हसून सांगतात, पण त्या बिननावाच्या माणसाचं काम कुणी केलंय हे त्यांना बहुतेक वेळा ठाऊक असतं. तरुणपणी राज्य नाट्य स्पर्धेत त्यांनी कामं केली, नोकरी लागल्यावर रजा मिळेल तशी केली, मग रजा मिळेनाशी झाली. भाची एकतीस वर्षांची. छत्रपती संभाजीनगरच्या विद्यापीठात नाट्यशास्त्र शिकली आणि आता मीरा रोडला तिघींबरोबर एका खोलीत राहते. आजवर तिने केलेल्या भूमिकांची यादी ती बोटावर मोजून दाखवते: नर्स, कामवाली, रेशनच्या रांगेतली बाई, आणि आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याची बायको, ती चार वेळा.

पोळ्याच्या आदल्या दिवशी तिला फोन आला होता. रोज रात्री लागणाऱ्या एका नव्या मालिकेत नायिकेच्या आईचं काम. नायिका चोवीस वर्षांची.

मामांचा कौल लगेच मिळाला. घे. रोज रात्री सगळा महाराष्ट्र बघेल. त्यांनी दाखला दिला तो पोतदारांचाच. जबलपूरचा जन्म, काही काळ शिकवलं, मग लष्करात कॅप्टन, १९६७ मध्ये तिथून बाहेर, पुढे जवळपास पंचवीस वर्षं इंडियन ऑइलमध्ये नोकरी. सिनेमात आले ते चाळिशी ओलांडल्यावर, 'आक्रोश'सारख्या चित्रपटांतून. 'अर्धसत्य', 'तेजाब', 'परिंदा', 'रंगीला' अशी वळणं घेत पंचाहत्तरीत 'थ्री इडियट्स', आणि पंच्याऐंशी उलटल्यावर 'माझा होशील ना'मधले आप्पा. हिरोचा धंदा दहा-पंधरा वर्षांत आटोपतो, या माणसाचं दुकान चाळीस वर्षं चाललं. केस पिकले तशी कामं वाढत गेली. "दुसऱ्या कुठल्या नोकरीत म्हातारपणी मागणी वाढते, सांग की मला."

भाचीने शेंगांची टरफलं सुपात लोटली. "ते नोकरीत होते, मामा. शूटिंग न्हाई मिळालं तरी एक तारखेला पगार होता."

मग ती एकेक नाव घेत गेली. डॉ. श्रीराम लागू कान-नाक-घशाचे सर्जन. पुण्यात आणि टांझानियात प्रॅक्टिस केली, आणि १९६९ मध्ये, चाळिशी उलटल्यावर, पूर्ण वेळ रंगभूमीवर आले. रीमा लागू बँकेत होत्या. सयाजी शिंदे साताऱ्याचे. पाटबंधारे खात्यात वॉचमन होते, पुढे बँकेत गेले. "तुमच्या यादीतल्या प्रत्येकाच्या मागं एक पगार उभा हाय. माझ्या मागं खोलीचं भाडं हाय."

मामांनी नीळू फुल्यांचं नाव काढलं. पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात माळीकाम करणारा सेवादलाचा माणूस. 'कथा अकलेच्या कांद्याची' या लोकनाट्याने नाव झालं, १९६८ मध्ये अनंत मान्यांच्या 'एक गाव बारा भानगडी'तून पडद्यावर आला, आणि पाच-सहा वर्षांत 'सामना'मधला हिंदूराव धोंडे-पाटील झाला. त्यांच्या पाठीशी कुठला बंगला होता? माळ्याच्या नोकरीला पगार म्हणायचं असेल तर मग कुणालाच काही बोलता यायचं नाही.

इथं मामांचा आवाज चढतो, कारण 'सामना' त्यांच्या कामाच्या आयुष्याला चिकटलेला सिनेमा आहे. विजय तेंडुलकरांची पटकथा, जब्बार पटेलांचं दिग्दर्शन, १९७५ च्या बर्लिन महोत्सवात गेलेला चित्रपट. साखर कारखान्याचा सर्वेसर्वा हिंदूराव आणि दारूत बुडालेला गांधीवादी मास्तर, म्हणजे डॉ. लागू. मास्तर एकच प्रश्न धरून बसतो, मारुती कांबळेचं काय झालं. मामांनी उसाच्या भागात सातबारे लिहिले. हिंदूरावासारखी माणसं त्यांनी कचेरीत खुर्ची ओढून बसताना पाहिलीत. त्यांच्या मते नीळूभाऊंनी त्या माणसाला खलनायक केलंच नाही. हिंदूराव पाहुण्याला जेवायला वाढतो, हसतो, शाळा काढतो, आणि हे सगळं तो मनापासून करतो. भीती वाटते ती त्याची.

"आणि लोकांच्या ध्यानात काय राहिलं?" भाचीने विचारलं. "वाडा. नकला करणाऱ्याला एक वाडा आणि एक खालच्या पट्टीतला आवाज दिला की झाले नीळू फुले. 'सिंहासन'मधल्या दिगूची नक्कल करताना कुणाला बघितलंय तुम्ही?"

हा टोला खरा आहे. 'सिंहासन' १९७९ चा. त्यात नीळू फुले दिगू टिपणीस नावाचे पत्रकार आहेत. सगळ्या चित्रपटभर हा माणूस ऐकतो, बघतो, मंत्र्यांच्या दिवाणखान्यातून युनियनवाल्याकडे जातो, आणि शेवटी त्याच्या डोक्यावर परिणाम होतो. वाडा नाही, मिशी पिळणं नाही. नेहमीच्या रंगातलं काहीच हातात नसताना केलेलं काम. बाहेरच्या आयुष्यात हा गृहस्थ अंधश्रद्धा निर्मूलनाच्या, सामाजिक कृतज्ञता निधीच्या कामात होता, पण गावच्या बायका त्यांना बघून बोटं मोडायच्या, ही आठवण मराठवाड्यातल्या कुठल्याही ओसरीवर ऐकायला मिळते. मामांनी हा टोला परतवला तो असा: "दिगूची नक्कल करत न्हाईत, कारण करता येत न्हाई. ज्याची नक्कल होत न्हाई ते काम वाया गेलं म्हणलालीस का?"

भाची गप्प बसली नाही. तिने गणपत पाटील काढले. कोल्हापूरचा हा नट तमाशापटांतला नाच्या झाला आणि एका पिढीला दुसऱ्या कुठल्या रूपात आठवेनासा झाला. फुल्यांना 'सिंहासन' मिळाला, 'सखाराम बाइंडर' मिळाला, 'सारांश' मिळाला. पाटलांना कोण तेंडुलकर भेटला? साच्यातून बाहेर काढायला कुणीतरी यावं लागतं, आणि तो येईल की नाही हे नटाच्या हातात नसतं. तिला भीती आहे ती याची. एकदा रात्री आठला आई झाली की पुढची वीस वर्षं आई.

*

बाईच्या बाबतीत पडद्यावर आई व्हायचं वय फार लवकर येतं. इथं भाचीकडे पुरावा होता, आणि तो मामांना तोंडपाठ असलेल्या सिनेमांतलाच होता.

सुलोचनाबाई बेळगाव जिल्ह्यातल्या चिकोडी तालुक्यातल्या खडकलाटच्या. जन्म १९२८. 'मीठभाकर', 'वहिनीच्या बांगड्या' यांच्या नायिका. हिंदीत गेल्या आणि आई झाल्या. १९७० च्या 'जॉनी मेरा नाम'मध्ये त्या देव आनंद आणि प्राण या दोघांच्या आई आहेत. देव आनंदचा जन्म १९२३ चा, प्राणचा १९२० चा. म्हणजे पडद्यावरची आई थोरल्या मुलाहून आठ वर्षांनी आणि धाकट्याहून पाच वर्षांनी लहान. सिनेमागृहात कुणी हसलं नाही. रीमा लागू 'मैंने प्यार किया'त सलमान खानची आई झाल्या तेव्हा एकतीस वर्षांच्या होत्या. मुलगा सात वर्षांनी लहान. 'वास्तव'मध्ये तर संजय दत्तपेक्षा त्या एकाच वर्षाने मोठ्या.

"एकतीस," भाची म्हणाली, आणि स्वतःकडे बोट दाखवलं.

मामांना हे आकडे माहीत नव्हते. तलाठ्याला जन्मतारखांचा आदर असतो. त्यांनी मनातल्या मनात वजाबाकी केली आणि मान हलवली. मग म्हणाले, रीमाबाईंचंच घेऊ. सिनेमाने तिला आई केलं, हे कबूल. पण 'तू तू मैं मैं' कुणी दिलं? टीव्हीने. तिथली सासू तोंडाची तिखट, सुनेला उलट उत्तर देणारी, पडणारी, फजीत होणारी. सिनेमातल्या त्या पांढऱ्या साडीतल्या प्रेमळ बाईला असलं काही करायला कुठल्या निर्मात्याने दिलं असतं? 'श्रीमान श्रीमती'तही तेच, तिथं तर शेजारी तिच्या मागं लागलेला. म्हणजे मालिका नटीला बांधते हे भाचीचं म्हणणं निदान या बाईच्या बाबतीत खोटं ठरतं. सिनेमाने बांधलेली गाठ मालिकेने सोडवली.

भाचीला हे आवडलं. कबूल मात्र केलं नाही. ती म्हणाली, त्या मालिका आठवड्यातून एकदा लागायच्या. आता आठवड्याला सहा, कधी सात भाग लागतात. दिवसाला बारा तासांची पाळी. संवाद कधीकधी मेकअपच्या खुर्चीत हातात पडतात. विनोद करायला श्वास लागतो, तो घ्यायला वेळ कुठं आहे?

याच बोलण्यात लोहाऱ्याच्या टीव्हीची गोष्ट निघाली, आणि मामा पुन्हा रंगले. १९८७. लोहारा तेव्हा उमरगा तालुक्यातलं गाव. स्वतःचा तालुका व्हायला अजून बारा वर्षं होती. ज्यांच्या घरी टीव्ही, त्यांच्या घरी रविवारी सकाळी 'रामायणा'ला चपला काढायला जागा उरायची नाही. मंथरा पडद्यावर आली की बायका पुटपुटायच्या. एका म्हातारीने तर खडा उचलला होता. तो टीव्हीला बसला असता तर घरमालकाने तिला वनवासाला पाठवलं असतं. मंथरा म्हणजे ललिता पवार, येवल्याच्या. तेव्हा सत्तरी ओलांडलेल्या.

"ती बाई मूकपटातली हिरॉईन, ठावं हाय का? १९४२ ला 'जंग-ए-आझादी'च्या शूटिंगला भगवानदादांनी थोबाडीत मारायची होती. ती जोरात बसली. चेहऱ्याची एक बाजू लुळी पडली, डोळा बारीक झाला, तीन वर्षं औषधपाणी. दुसरी असती तर घरी बसली असती. ही त्याच डोळ्यावर चाळीस वर्षं जगली."

मामांना यात पराक्रम दिसतो, आणि तो आहेच. 'रामशास्त्री'तली आनंदीबाई, 'श्री ४२०'मधली केळीवाली, 'अनाडी'तली मिसेस डिसा, 'आनंद'मधली मेट्रन. 'अनाडी'साठी तिला फिल्मफेअर मिळालं. खाष्ट सासू म्हणून देशाने जिला शिव्या दिल्या, तीच मिसेस डिसा म्हणून राज कपूरवर माया करते तेव्हा तोच बारीक डोळा ओलावतो. एकाच चेहऱ्यातून द्वेष आणि माया दोन्ही काढायचं तर चेहरा देखणा असून भागत नाही.

भाचीने ही गोष्ट वेगळी ऐकली. शूटिंगवर अपघात झाला, त्याची भरपाई कुणी दिली? नायिकेचं काम गेलं, कारण चेहरा बिघडला की बाई नायिका राहत नाही, हा नियम कुणी केला? आणि मग त्याच बिघडलेल्या चेहऱ्यावर खाष्ट बायका बेतल्या, कारण धंद्याला डोळ्यातला दोष आणि मनातला दोष एकच वाटतो. ललिताबाई मोठ्या होत्या म्हणून त्या त्यातून वर आल्या. धंदा मोठा होता असं त्यावरून म्हणता येणार नाही.

मामांनी यावर काही उत्तर दिलं नाही. मामींनी आतून चहा आणला, आणि विषय दुसरीकडे गेला.

*

तो गेला मराठवाड्यावर, आणि या वादातला सगळ्यात कडू भाग तोच.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. किल्लारी लातूर जिल्ह्यात, पण सास्तूर, जे आज लोहारा तालुक्यात आहे, तेही त्याच पहाटे जमीनदोस्त झालं. मामा तेव्हा नोकरीत होते आणि पंचनामे करत होते. या भागात एवढे कॅमेरे त्याआधी कधी आले नव्हते. ते आले आणि त्यांनी मातीच्या ढिगाऱ्यापुढं रडणाऱ्या बायका टिपल्या. त्यात चूक काही नव्हती; बायका रडतच होत्या. भाचीचं म्हणणं असं की कॅमेरा त्या दिवशी जो चेहरा घेऊन गेला, तोच अजून मागायला येतो. ढिगाऱ्याच्या जागी भेगाळलेलं रान आलं, एवढाच फरक. ऑडिशनला गाव सांगितलं की समोरचा लगेच म्हणतो, वा, मराठवाडा, जरा रडून दाखव. चार वेळा ती विधवा झाली ती अशी.

"माझी आई सोयाबीनच्या भावावरून आडत्याला रडवून येते," ती म्हणाली. "तसली बाई कुणी लिहिलीय का?"

राग आला की तिच्या तोंडची मीरा रोडची मराठी गळून पडते आणि 'काय बोललालाव मामा तुम्ही' सुरू होतं. हे लातूर-धाराशिवचं बोलणं मालिकेत ऐकू येत नाही. साताऱ्याची बोली येते, कोल्हापूरची येते, मालवणी आली, भारत गणेशपुरेंबरोबर वऱ्हाडी आली. मामांनी मकरंद अनासपुरेंचं नाव पुढं केलं. छत्रपती संभाजीनगरकडचा माणूस. 'वास्तव'सारख्या चित्रपटात छोट्या कामात दिसला आणि पुढं 'कायद्याचं बोला', 'गल्लीत गोंधळ दिल्लीत मुजरा' असे सिनेमे स्वतःच्या खांद्यावर नेले, तेही मराठवाड्याचं बोलणं न सोडता. भाचीने मान्य केलं, आणि लगेच जोडलं की त्या बोलण्यावर लोक हसले. हसवण्यात वाईट काही नाही. पण आपल्या बोलीत माणूस एकतर हसवणार नाहीतर मरणार, मधलं काही करणारच नाही, असं का?

मधलं करणारेही झाले आहेत, आणि ते मामांनी पाहिले आहेत. लक्ष्मण देशपांडे विद्यापीठात नाट्यशास्त्र शिकवत आणि 'वऱ्हाड निघालंय लंडनला' हा एकपात्री प्रयोग करत. एका माणसाने बावन्न पात्रं उभी केली, गिनीजमध्ये नोंद झाली. त्या बावन्नांत नायक शोधायला गेलं तर सापडणं अवघड. आत्या, काका, बँडवाला, पोरंसोरं, सगळी बाजूची माणसं. पुढं माजलगावच्या संदीप पाठकांनी तो प्रयोग हाती घेतला. मग २०१२ मध्ये 'शिवाजी अंडरग्राउंड इन भीमनगर मोहल्ला' आलं. जालना जिल्ह्यातल्या राजकुमार तांगडेंनी लिहिलेलं, संभाजी भगतांच्या कल्पनेवरचं, आणि गेवराईच्या नंदू माधवांनी बसवलेलं. हेच नंदू माधव त्याच्या तीन वर्षं आधी 'हरिश्चंद्राची फॅक्टरी'त दादासाहेब फाळके होऊन ऑस्करच्या शर्यतीपर्यंत गेले होते. नाटकातली बरीच पोरं शेतात राबणारी. मुंबई-पुण्याच्या नाट्यगृहांत ती मराठवाड्याच्या बोलीत बोलली, आणि हशा आला तो त्यांच्या बोलण्यावर आला नाही, त्यांनी समोरच्याची जी फिरकी घेतली तिच्यावर आला. त्यातला कैलास वाघमारे पुढं 'तान्हाजी'पर्यंत पोचला.

"पण ते नाटक होतं," भाची म्हणाली. "आणि ते आपलं आपण उभं केलेलं होतं. कुणी फोन करून बोलावलं नव्हतं."

हे बोलताना तिच्या हे ध्यानात आलं नसावं की ती स्वतःच्या बाजूची एक मोठी फट उघडी करत आहे. ज्यांचा ती आदर करते त्यांच्यापैकी बहुतेकांनी फोनची वाट पाहताना दुसरं काहीतरी चालू ठेवलं होतं. तिची सगळ्यात आवडती नटी छाया कदम. राज्य पातळीवर कबड्डी खेळलेली मुंबईची मुलगी. 'फँड्री'त आई, 'सैराट'मध्ये सुमनअक्का, अशी कामं करत ती २०२४ मध्ये 'लापता लेडीज'ची मंजू माई झाली: नवऱ्याला आणि मुलाला घराबाहेर काढून स्टेशनवर टपरी चालवणारी बाई. त्याच वर्षी 'ऑल वुई इमॅजिन ॲज लाइट'ला कानमध्ये ग्रां प्री मिळालं, आणि छायाबाई तिथं आईची साडी आणि नथ घालून गेल्या. मंजू माई मिळायच्या आधी त्यांनी किती आया केल्या, हे मामांनी विचारलं. तिने मोजायला सुरुवात केली आणि सोडून दिली.

*

पैशाचा विषय मामांनीच काढला. कलेवर बोलणाऱ्या माणसांना तो सहसा आवडत नाही, पण तलाठ्याला आवडतो.

विजू खोट्यांनी 'शोले'तल्या कालियासाठी अडीच हजार रुपये मिळाल्याचं मुलाखतींतून सांगितलं होतं. १९७५ चा सिनेमा अजून कुठल्या ना कुठल्या वाहिनीवर लागतो, आणि त्यातला कालिया दर वेळी मरतो. अडीच हजारांवर पुढं एक रुपया वाढला नाही. मालिकेत निदान दिवसावर पैसे असतात, हे मामांचं म्हणणं. भाचीने त्यांना दिवसाचा अर्थ समजावला. नटाला महिन्याचा पगार नसतो. जेवढे दिवस बोलावतील तेवढ्यांचे पैसे, आणि तेही नव्वद दिवसांनी. श्रावणात केलेल्या कामाचे पैसे कार्तिकात. नायिकेच्या आईला सुरुवातीला दिवस भरपूर मिळतात, कारण गोष्ट माहेरी सुरू होते. मग टीआरपीसाठी लग्नाचा ट्रॅक आणतात. हळद, मेंदी, पाठवणी, सगळं पंधरा दिवस चालतं, आई पदर तोंडाला लावून रडते. पोरगी सासरी गेली की कॅमेराही तिच्याबरोबर सासरी जातो. माहेरचा सेट मोडतात. आईला राहतात फोनवरचे सीन: 'कशी आहेस गं?' आणि 'काळजी घे.'

मामा मनापासून हसले. "म्हंजे लेकीचं लग्न झालं की आईची नोकरी गेली."

"दिवाळसणाला एक दिवस मिळतो."

मग मामांनी एक गोष्ट सांगितली जी त्यांनी याआधी तिला सांगितली नव्हती. वृद्ध कलावंतांना राज्य सरकारचं मानधन मिळतं. २०२४ पासून ते सरसकट महिन्याला ५,००० रुपये झालं. त्यासाठी उत्पन्नाचा दाखला लागतो, दाखला तहसीलदार देतो, आणि त्याआधी अहवाल तलाठ्याचा. मामांच्या टेबलासमोर असे कलावंत येऊन उभे राहत. भजनी, गोंधळी, तमाशात ढोलकी वाजवलेले, फडात सोंगाड्याच्या मागं झिलकरी म्हणून उभे राहिलेले. कलावंत असल्याचा पुरावा काय, तर एखादं पिवळं पडलेलं हँडबिल किंवा कुणा मंडळाचं पत्र. सोंगाड्याचं नाव हँडबिलावर असायचं. झिलकऱ्याचं नसायचं. अशा अर्जांत तो माणूस कलावंत होता हे कागदावर सिद्धच व्हायचं नाही, आणि सगळ्या गावाने तर त्याला तीस वर्षं पाहिलेलं असायचं.

भाचीने विचारलं, मग तुम्ही काय करायचात.

"माझ्या अहवालात फक्त उत्पन्नाचा रकाना असतो," मामा म्हणाले. "उत्पन्न काहीच नसायचं. ते मी लिहायचो."

डॉ. लागूंनी आपल्या आत्मचरित्राला 'लमाण' नाव दिलं. लेखकाचा माल प्रेक्षकापर्यंत वाहून नेणारा तो नट, असं त्यांचं म्हणणं. लोहारा-उमरग्याच्या पट्ट्यात लमाणांचे तांडे आहेत, त्यामुळे मामांना ते पुस्तक नावापासूनच जवळचं. पण भाचीला त्यात हिशेब अपुरा वाटतो. माल पोचला, बरं झालं. वाहणाऱ्याला भाडं कोण देणार, आणि कधी?

*

शेवटी मामांनी करार बघायला मागितला. तो तिच्या फोनवर आला होता, इंग्रजीत, चौदा पानांचा. मामांनी चष्मा लावला आणि फेरफार वाचावा तसा एकेक कलम वाचू लागले. कुठं अडलं तर भाची अर्थ सांगायची, आणि अर्थ सांगता सांगता तिचा आवाज मवाळ होत गेला. तिसऱ्या पानावर मालिका चालू असेपर्यंत दुसरी मालिका, सिनेमा, जाहिरात लेखी परवानगीशिवाय करायची नाही असं होतं. सहाव्यावर, पात्र कधीही, कारण न देता बंद करता येईल. नवव्यावर नव्वद दिवस. महिन्याला काम किती दिवस, ते चौदा पानांत कुठंच नव्हतं.

आठवडाभर 'घे, घे' म्हणणारे मामा म्हणाले, "यावर सही करू नको."

आठवडाभर नको म्हणणारी भाची म्हणाली, "करावी लागंल. भाड्याची तारीख पाच."

"ते तुला दुसरीकडं जाऊ देणार न्हाईत आणि स्वतः काम देणार का, तेबी लिहून देणार न्हाईत. असल्या अटीवर मी शेतसुद्धा कुणाला बटईनं दिलं नसतं."

"सगळ्यांचा करार असाच असतो, मामा."

"सगळ्यांनी तशीच सही केली म्हणून असतो."

पुढचा अर्धा तास मामा सांगत गेले आणि भाची टाइप करत गेली. महिन्याला किमान दहा दिवसांचे पैसे, बोलावलं नाही तरी. नाटकाला परवानगी घ्यावी लागणार नाही. तारखा सात दिवस आधी. मामींनी दारातून एक अट घातली, की आईला एकदा तरी कुणाशी भांडू द्या. भाचीने ती हसत हसत लिहिली आणि पाठवण्याआधी पुसली, मग परत लिहिली. कोऑर्डिनेटरचं उत्तर दहा मिनिटांत आलं. नाटकाचं बघता येईल. सात दिवस आधी अशक्य, स्क्रिप्टच तेवढी आधी येत नाही. भांडणाचा सीन लेखकाला विचारते. दहा दिवस जमणार नाहीत, सहा देऊ, लग्नाच्या ट्रॅकपर्यंत.

"आठ म्हण," मामा म्हणाले. "आणि लग्नानंतरचं काय, ते विचार."

भाची तेच टाइप करत होती.